भुसा, इंग्रजी आणि आपल्या मुलांचे विषय

एप्रिल-मे महिना आला की बंगळुरातल्या आपल्या लोकांच्या घरांमध्ये एकच चर्चा सुरू होते. एसएसएलसीचा निकाल लागलेला असतो किंवा लागायचा असतो, आठवी-नववीचे प्रवेश चालू असतात, आणि फोन येऊ लागतात. फोन करणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याणकडून किंवा सोलापूर-लातूरकडून पोटासाठी इथे आलेले. कुणी सरकारी कारखान्यात कामगार, कुणी बँकेत, कुणी सॉफ्टवेअर कंपनीत, तर कुणी त्याच कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक. प्रश्न ठरलेले असतात. "दादा, सायन्सला किती टक्के लागतील? नीटचा क्लास कुठला चांगला? सीबीएसईत टाकू की स्टेटमध्येच ठेवू?"

गणित आणि विज्ञानाबद्दल सगळे विचारतात. इंग्रजी आणि समाजविज्ञानाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. इंग्रजी शाळेत घातले म्हणजे इंग्रजी येणारच, आणि समाजविज्ञान परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ करून होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत हे दोन विषय सर्वांत काळजीपूर्वक निवडायला हवेत, आणि ते एकमेकांपासून वेगळे न काढता निवडायला हवेत. हे मी हवेत बोलत नाही. ज्या राज्यात मी हे लिहितो आहे, त्या राज्यात या प्रश्नावर एका दलित मंत्र्याचे मंत्रिपद गेलेले आहे.

नोव्हेंबर १९७३. देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात बी. बसवलिंगप्पा मंत्री होते. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा कर्नाटकात बंद करण्याचा निर्णय ज्यांच्या नावावर आहे, तेच हे बसवलिंगप्पा. म्हैसूरच्या एका कार्यक्रमात ते बोलून गेले की कन्नड साहित्यात बरेचसे 'बूसा' आहे, आणि विद्यार्थ्यांनी इंग्रजी शिकावे. बूसा म्हणजे आपला भुसा, जनावरांपुढे टाकायचा. झाले! भाषेचा अपमान झाला म्हणून सवर्ण विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ठिकठिकाणी दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, आणि अखेर बसवलिंगप्पांना राजीनामा द्यावा लागला. या मारहाणीतून जी तरुण पिढी जागी झाली तिनेच पुढे बी. कृष्णप्पा, देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या यांच्यासारख्यांच्या सोबतीने दलित संघर्ष समिती उभी केली. कर्नाटकातल्या आधुनिक दलित चळवळीची सुरुवात म्हणून बूसा प्रकरणाकडे बोट दाखवले जाते ते यामुळेच.

या प्रकरणाकडे केवळ 'कन्नड विरुद्ध इंग्रजी' असे पाहिले तर मुद्दा निसटतो. बसवलिंगप्पांनी दोन गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या. एक, कुठल्या भाषेत शिकायचे. दुसरी, जे शिकतो आहोत त्यात आपण आहोत का, की नुसताच भुसा आहे. पहिली गोष्ट भाषा विषयाची, दुसरी समाजविज्ञानाची. भाषेत दोष नव्हता, हे सिद्धलिंगय्या आणि देवनूर महादेवांनी कन्नडमध्येच आपले जगणे लिहून सिद्ध करून दाखवले. प्रश्न पुस्तकात काय भरले आहे आणि ते कोण भरते, हा होता. आज पन्नास वर्षांनंतर प्रवेशाच्या अर्जावर खूण करताना आपल्यासमोर नेमके हेच दोन प्रश्न असतात. फक्त ते 'फर्स्ट लँग्वेज', 'बोर्ड' आणि 'स्ट्रीम' अशा सभ्य नावांनी येतात.

आधी अर्ज नीट वाचूया. राज्य मंडळाच्या एसएसएलसी परीक्षेत एकूण ६२५ गुण असतात. पहिल्या भाषेला १२५ आणि बाकीच्या पाच विषयांना प्रत्येकी १००. म्हणजे सर्वाधिक गुणांचा विषय गणित नाही, विज्ञानही नाही. तो आहे पहिली भाषा. ती कन्नड ठेवता येते, इंग्रजी ठेवता येते, मराठी, उर्दू, तमिळ, तेलुगू किंवा संस्कृतही ठेवता येते. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानुसार राज्यातल्या सगळ्या शाळांना, सीबीएसई-आयसीएसई शाळांनाही, कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. त्यामुळे बंगळुरातल्या मराठी घरासमोर प्रत्यक्षात पर्याय उरतो तो असा, की इंग्रजी पहिली आणि कन्नड दुसरी, किंवा कन्नड पहिली आणि इंग्रजी दुसरी. मराठी मग घरात, जयंतीच्या वर्गणीच्या पावतीवर आणि गावाकडच्या फोनवर उरते. सीबीएसईत गेलात तर नववी-दहावीला इंग्रजीचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. एक 'कम्युनिकेटिव्ह' आणि दुसरा 'लँग्वेज अँड लिटरेचर'. शाळा त्यातला एकच देते आणि बहुतेक पालकांना असे दोन प्रकार आहेत हेच कुणी सांगत नाही. आयसीएसईत इंग्रजीचे भाषा आणि साहित्य असे दोन स्वतंत्र पेपर असतात, इतिहास-नागरिकशास्त्र वेगळे, भूगोल वेगळा. फीसुद्धा सहसा त्याच प्रमाणात वेगळी.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कर्नाटकने नववी-दहावीसाठी गणित आणि विज्ञानाची पुस्तके एनसीईआरटीचीच स्वीकारली आहेत. भाषा आणि समाजविज्ञानाची पुस्तके मात्र राज्याची स्वतःची आहेत. याचा सरळ अर्थ असा, की स्टेट की सीबीएसई या निवडीत न्यूटनचे नियम बदलत नाहीत. बदलते ती भाषा, आणि बदलतो तो समाजाचा इतिहास. ज्या दोन विषयांबद्दल आपण काहीच विचारत नाही, खरी निवड त्याच दोन विषयांची असते.

विषयांची निवड कधीच निरागस नव्हती. बाबासाहेबांना शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यायचे होते. ते मिळाले नाही, म्हणून मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झालेल्या या विद्यार्थ्याला फारसी घ्यावी लागली. विषय मुलाने निवडला नव्हता, त्याच्या जातीने निवडला होता. आणि कर्नाटकात एक काळ असा होता की संस्कृत ही पहिली भाषा म्हणून घेऊन कन्नडला पूर्ण फाटा देता येत असे. संस्कृतला गुण भरघोस मिळतात, ही ख्याती होतीच. १९८० साली नेमलेल्या वि. कृ. गोकाक समितीच्या आणि नंतर १९८२ मध्ये पेटलेल्या गोकाक आंदोलनाच्या मुळाशी हा संस्कृतच्या स्थानाचा वाद होता. एका ठिकाणी संस्कृतचे दार बंद करून आपल्याला बाहेर ठेवले गेले, दुसऱ्या ठिकाणी तेच दार उघडे ठेवून काहींना गुणांची शिडी दिली गेली. विषयांचे अर्ज छापणाऱ्यांना हे सगळे ठाऊक असते. आपल्यालाही ठाऊक असायला हवे.

इंग्रजीबद्दल आपल्या चळवळीची भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे. सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा. इंग्रजी शिका हे त्या कवितेतून सांगत होत्या. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' मराठीत लिहिली, पण तिला प्रस्तावना इंग्रजीतही जोडली, आणि गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकी लोकांना ते पुस्तक अर्पण केले. बूसा प्रकरणाच्या बरोबर शंभर वर्षे आधी! आपल्या माणसांशी मराठीत बोलायचे आणि सत्तेशी, जगाशी इंग्रजीत, ही रीत जोतीरावांनी घालून दिली. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढला आणि १९३६ मध्ये 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत छापले, ते याच रीतीने.

कर्नाटक सरकारने १९९४ च्या भाषा धोरणात पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून सक्तीचे केले. खटले चालले आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की सरकार मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही, माध्यम निवडण्याचा अधिकार मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले, तेव्हा पुन्हा मोठमोठ्या साहित्यिकांनी विरोध केला. विरोध करणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे सरकारी कन्नड शाळेत होती, हा प्रश्न आपल्या लोकांनी तेव्हाही विचारला होता आणि तो रास्त होता.

पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. इंग्रजी हवी हे ठरले. कुठली इंग्रजी हवी, हे अजून ठरलेले नाही. बंगळुरातल्या कुठल्याही वस्तीत जा, 'स्पोकन इंग्लिश, ३० दिवसांत' असा फलक दिसेल. ती इंग्रजी फोन उचलण्याची आहे, ग्राहकाला 'सर' म्हणण्याची आहे, मुलाखतीत स्वतःची ओळख करून देण्याची आहे. तिने पोट भरते आणि पोट भरणे ही लहान गोष्ट नाही. पण दुसरी एक इंग्रजी आहे. करारनामा वाचण्याची, निकालपत्र वाचण्याची, चाळीस पानांचा सरकारी अहवाल वाचून त्यात आपले काय कापले हे शोधण्याची, आणि त्याला उत्तर लिहिण्याची. ही इंग्रजी साहित्य वाचून, निबंध लिहून, चुकून, पुन्हा लिहून येते. म्हणून शाळेला विचारा की मुलांकडून वर्षभरात किती पूर्ण पुस्तके वाचून घेता आणि स्वतःच्या शब्दांत किती पाने लिहून घेता. अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा या प्रश्नाचे उत्तर जास्त सांगून जाते. गाइडमधली उत्तरे घोकून घेणारी महागडी शाळा आणि तेच करणारी स्वस्त शाळा, दोन्हींतून आपल्या मुलाला पहिलीच इंग्रजी मिळते.

इंग्रजीच्या पुस्तकातही समाज असतो, हे विसरू नका. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात नेल्सन मंडेला आहेत, अ‍ॅन फ्रँक आहे. वर्णद्वेष दक्षिण आफ्रिकेत होता, छळ जर्मनीत झाला, हे आपली मुले दहावीत इंग्रजीतून शिकतात. भारतातली जात त्याच विषयात भेटायला बारावी उजाडते. तिथे 'मेमरीज ऑफ चाइल्डहुड' या धड्यात अमेरिकेतल्या आदिवासी लेखिका झिटकाला-सा आणि तमिळ दलित लेखिका बामा शेजारी-शेजारी बसल्या आहेत. राज्य मंडळात चित्र थोडे वेगळे आहे. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी घेणाऱ्या, म्हणजे बहुधा कन्नड माध्यमातल्या, सरकारी शाळेतल्या मुलांच्या दहावीच्या पुस्तकात डॉ. आंबेडकरांवर एक अख्खा धडा गेली अनेक वर्षे आहे. म्हणजे 'खालच्या दर्जाची' समजल्या जाणाऱ्या इंग्रजीच्या पुस्तकात बाबासाहेब भेटतात! दर्जा आणि फी एवढेच मोजणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

आता समाजविज्ञान. कर्नाटक राज्य मंडळाच्या दहावीच्या समाजविज्ञानात इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र यांच्याबरोबर समाजशास्त्र हा स्वतंत्र भाग आहे. त्यात सामाजिक स्तरीकरणावर प्रकरण आहे, अस्पृश्यता आहे, घटनेचे कलम १७ आहे. सीबीएसईच्या दहावीत समाजशास्त्र असा वेगळा भाग नाही. तिथे जात येते ती राज्यशास्त्राच्या 'जेंडर, रिलिजन अँड कास्ट' या प्रकरणात, मुख्यतः निवडणूक आणि राजकारणाच्या अंगाने. आणि जे होते तेही गळत चालले आहे. नववीच्या इतिहासात कपड्यांच्या सामाजिक इतिहासावरचे एक प्रकरण होते. त्रावणकोरमधल्या नाडार स्त्रियांनी अंग झाकण्याच्या हक्कासाठी दिलेला लढा त्यात होता. ते प्रकरण २०१९ मध्ये वगळले गेले. अभ्यास 'हलका' करण्याच्या नावाखाली २०२२ नंतर दहावीच्या राज्यशास्त्रातून जनआंदोलनांवरचे प्रकरण, लोकशाही आणि विविधतेवरचे प्रकरण आणि लोकशाहीपुढील आव्हानांचे प्रकरण गेले. ओझे कमी करायला निघालेल्यांना नेमके हेच ओझे वाटले.

राज्याची पुस्तकेही सुरक्षित नाहीत. २०२२ मध्ये रोहित चक्रतीर्थ समितीने कर्नाटकची पुस्तके बदलली तेव्हा नववीच्या समाजविज्ञानात बाबासाहेबांच्या नावापुढचे 'संविधानाचे शिल्पकार' हे शब्द गायब होते. दहावीच्या समाजविज्ञानातून नारायण गुरू आणि पेरियार यांच्यावरचा मजकूर काढल्याचे समोर आले. बसवण्णांवरच्या मजकुराबद्दल लिंगायत मठांनी आक्षेप घेतला. देवनूर महादेवांनी तर दहावीच्या कन्नड पुस्तकातला आपला धडा छापायला दिलेली परवानगीच मागे घेतली. मोठा आवाज झाला, आणि जून २०२२ मध्ये सरकारला 'शिल्पकार' हे शब्द परत घालण्यासह काही दुरुस्त्यांचा आदेश काढावा लागला. २०२३ मध्ये सरकार बदलले, हेडगेवार आणि सावरकरांवरचे धडे गेले, सावित्रीमाईंवरचा धडा आला. उद्या पुन्हा सरकार बदलेल.

इथे मला एक प्रश्न विचारायचा आहे. नववीच्या पुस्तकात दोन शब्द नाहीत, हे कुणाच्या लक्षात आले? ज्याने आधीचे पुस्तक वाचले होते त्याच्या. ज्याला पाठ करण्यापुरतेच समाजविज्ञान ठाऊक आहे, त्याच्या पुस्तकातून आजोबा नाहीसे झाले तरी त्याला कळत नाही. आणि त्या समित्यांवर कोण बसते? इतिहास, समाजशास्त्र, भाषा या विषयांत पदव्या घेतलेली माणसे बसतात. आपण आपली सगळी हुशार मुले या विषयांपासून दूर पिटाळली तर त्या टेबलाभोवती आपले कोण असणार आहे? आपण कायम दाराबाहेर निवेदन घेऊन उभे.

दहावीनंतरच्या 'स्ट्रीम'चा प्रश्न हा याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे. बंगळुरात 'आर्ट्स' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. आपल्या वस्तीत त्याचा अर्थ 'कमी मार्क पडले'. कोरमंगला-इंदिरानगरच्या अनेक घरांत तोच विषय 'ह्युमॅनिटीज' होतो आणि मुलाने तो आवडीने निवडलेला असतो. विषय एकच, पण एकीकडे शिक्षा आणि दुसरीकडे वारसा. काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या अ‍ॅडमिशनसाठी मी एका कॉलेजात गेलो होतो. चांगले गुण होते तिला. तिने इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र असा गट लिहिला, तर टेबलामागच्या बाईंनी जातीच्या दाखल्याकडे पाहिले, मग गुणपत्रिकेकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, "सायन्स झेपणार नाही अशी भीती वाटते का तिला? फ्रीशिप तर आहेच ना तुम्हाला." भाची शांतपणे म्हणाली, "मॅडम, झेपेल. पण मला हेच शिकायचे आहे." बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मामा, त्यांना वाटते आम्ही आर्ट्स घेतले तर झेपत नाही म्हणून, आणि सायन्स घेतले तर कोट्यातून आलो म्हणून." सोळा वर्षांच्या मुलीने समाजशास्त्राचा पहिला धडा कॉलेजच्या पायरीवरच शिकून घेतला होता.

मला ठाऊक आहे, आता कुणी म्हणेल की हे सगळे पोट भरलेल्यांचे बोलणे आहे. घरावर कर्ज आहे, धाकटी भावंडे आहेत, सायन्स-इंजिनिअरिंगने निदान नोकरी लागते. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. आपल्या कित्येक कुटुंबांना एका पिढीत झोपडीतून पक्क्या घरात नेले ते याच नोकऱ्यांनी. ज्या मुलाला गणितात गोडी आहे त्याने खुशाल सायन्स घ्यावे. मी सगळ्यांनी आर्ट्स घ्या असे म्हणत नाही. माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. एक, सायन्स घेणाऱ्या मुलाचेही इंग्रजी आणि समाजविज्ञान दहावीपर्यंत घट्ट झाले पाहिजे, कारण त्यानंतर पीयूसीत समाजविज्ञान त्याला दिसणारच नाही. दोन, ज्या मुलाला वाचायची, वाद घालायची, लिहायची ओढ आहे त्याला आपल्या भीतीपोटी नीटच्या क्लासला जुंपू नये.

या वाटेला भाकरी नाही, हीसुद्धा अर्धवट माहिती आहे. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या कायदा शिक्षण संस्थांत गणले जाणारे नॅशनल लॉ स्कूल याच शहरात, नागरभावीत आहे. तिथल्या प्रवेशाची क्लॅट परीक्षा पाहा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि थोडे गणित. जवळजवळ सगळी परीक्षा उतारा वाचून विचार करण्यावर बेतलेली आहे. म्हणजे दहावीपर्यंतचे इंग्रजी आणि समाजविज्ञान ज्याचे पक्के आहे त्याचीच ती परीक्षा आहे. बाबासाहेबांच्या नावाचे अर्थशास्त्राचे विद्यापीठ, डॉ. बी. आर. आंबेडकर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, २०१७ पासून बंगळुरातच चालू आहे. यूपीएससी आणि केएएसच्या सामान्य अध्ययनाचा मोठा हिस्सा शाळेच्या समाजविज्ञानावर उभा आहे. या सगळ्या जागांवर आरक्षण आहे. वस्तीतल्या दहावीच्या मुलाला या जागांची नावेही ठाऊक नसतात, हे दुखणे आहे. नीटच्या क्लासचा फलक वस्तीच्या तोंडावर लागतो, क्लॅटचा लागत नाही.

आणि सत्तेला या विषयांचे मोल बरोबर कळते. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचे नियम बदलले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी मिळणारी ही शिष्यवृत्ती. नव्या नियमानुसार भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ती मिळणार नाही. इंजिनिअर व्हा, व्यवस्थापन शिका, पण आपल्याच समाजाचा अभ्यास करायला परदेशी जाऊ नका! हा नियम १९१३ मध्ये असता तर काय झाले असते याचा विचार करा. त्या वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. अर्थशास्त्र हा मुख्य विषय, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये एम.ए. झाला आणि ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्याने 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. वय वर्षे पंचवीस. जात ही देवाने केलेली नाही, माणसांनी घडवली आणि विवाहाच्या बंधनातून टिकवली, हे त्याने इंग्रजीत, समाजविज्ञानाच्या भाषेत, जगापुढे मांडले. इंग्रजी आणि समाजविज्ञान यांची जोडी काय करू शकते याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. नियम करणाऱ्यांनाही ते ठाऊक असावे.

मग करायचे काय? शाळा निवडताना समाजविज्ञान शिकवणारा शिक्षक त्याच विषयाचा आहे का, की ज्या शिक्षकाला तास कमी पडतात त्याच्या गळ्यात तो मारला आहे, हे विचारा. स्तरीकरणाचे प्रकरण वर्गात शिकवतात की 'परीक्षेला दोनच मार्कांना येते' म्हणून सोडून देतात, हे मुलालाच विचारा. सीबीएसई असेल तर इंग्रजीचा कुठला अभ्यासक्रम आहे, ते प्रवेशाआधी समजून घ्या. राज्य मंडळ असेल तर १२५ गुणांची भाषा मुलाच्या बळावर ठरवा, शेजाऱ्याच्या प्रतिष्ठेवर नको. कन्नड चांगले येत असेल तर कन्नड पहिली ठेवण्यात काही कमीपणा नाही, मात्र मग इंग्रजी वाचनाची जबाबदारी घराने आणि वस्तीने उचलायची. पीयूसीला जाण्याआधी मुलाला एकदा तरी वकिलाच्या कार्यालयात, एकदा विद्यापीठाच्या ग्रंथालयात घेऊन जा. दवाखाना आणि कंपनी ती रोज पाहतातच.

आणि एक काम विहारात, समाजमंदिरात, नाहीतर कुणाच्या गच्चीवर करता येईल. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकात बाबासाहेबांच्या लहानपणीचा एक प्रसंग होता. १९०१ साली ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. कपडे चांगले, म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही न्यायला तयार होईनात. अखेर मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. २०२४ मध्ये आलेल्या सहावीच्या नव्या पुस्तकात हा प्रवास नाही.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात इंग्रजीत लिहून ठेवला आहे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी खंडांपैकी बाराव्या खंडात तो आहे, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. वाक्ये सोपी आहेत. आठवी-नववीच्या मुलाला शब्दकोश हाताशी घेऊन सहज वाचता येतील अशी. दर रविवारी एक पान मोठ्याने वाचायचे, अडलेला शब्द विचारायचा, आणि मग त्या पानावर मुलांनी बोलायचे. स्टेशनमास्तर का बदलला? दुप्पट पैसेही का पुरले नाहीत? आज ओला-उबरच्या, भाड्याच्या घराच्या, कॉलेजच्या टेबलाच्या बाबतीत असे काही घडते का? एका तासात इंग्रजीही होते आणि समाजविज्ञानही. त्याला कुणाची मान्यता लागत नाही, फी लागत नाही, आणि पुस्तक समितीला ते वगळता येत नाही.

येत्या शैक्षणिक वर्षात बंगळुरातल्या आपल्या दहा वस्त्यांत जरी असा वर्ग सुरू झाला, तरी मी त्याला जयंतीच्या मिरवणुकीइतकाच महत्त्वाचा कार्यक्रम मानेन. ज्यांना सुरू करायचा आहे त्यांनी जून उजाडण्याची वाट पाहू नये.

जय भीम.